खरेदी करणाऱ्याचं नातं

"या बाई तुमच्या कोण?"

खिडकीपलीकडच्या कारकुनानं विचारलं आणि तिला चटकन उत्तर देता आलं नाही. प्रश्न काही अवघड नव्हता. गेली वीस वर्षं लाँड्रीच्या काउंटरवर उभी राहून भल्याभल्यांना "हा डाग कशाचा?" असं तोंडावर विचारणाऱ्या बाईला एवढं सांगता यायला हवं होतं. पण तिच्या तोंडून निघालं, "कुठल्या बाई?" कारकुनानं चष्मा कपाळावर चढवला, रोख्यांबरोबरचा जुना अर्ज तिच्याकडे फिरवला आणि बोट ठेवलं. रोखे घेतले तेव्हा ती अज्ञान होती, आठ वर्षांची, म्हणून तिच्या वतीनं घेणारीचं नाव वर लिहिलं होतं. काकूचं पूर्ण नाव, काकूच्याच अक्षरात, उभं आणि टोकदार. त्याच्यापुढे छापलं होतं, 'खरेदी करणाऱ्याचं नातं', आणि पुढचा रकाना कोरा होता. "तेव्हाच्या माणसानं हे असं घेतलं कसं, देव जाणे," कारकून म्हणाला. "मला नाही घेता येणार. भरून आणा. त्या हयात असतील तर त्यांना विचारून भरा, म्हणजे उद्या भानगड नको." हयात आहेत, ती म्हणाली. आणि मग उगीचच, "उद्या सकाळी गावाला चालल्यात," असंही म्हणाली. त्या बिचाऱ्याला त्याचं काय होतं!

ते चार रोखे परवा रजिस्टर पोस्टानं आले होते. एरवी काकूचं पाकीट ती उघडत नसे. पण पोस्टमननं भर गर्दीत सही घेतली, तिला वाटलं साबणाच्या कंपनीचं बिल असेल, आणि पाकीट फाडून झाल्यावर अक्षर दिसलं. आत चार जाड, पिवळसर कागद, त्यांना जोडलेला खरेदीच्या वेळचा अर्ज आणि एक चिठ्ठी. 'मुदत संपली. आता यावर व्याज चढत नाही, उगीच ठेवू नकोस. जाऊन मोडून घे. मी शुक्रवारी सकाळच्या गाडीनं भाचीकडे कायमची राहायला जाते आहे. घराची किल्ली जाताना मालकाला देईन.' खाली सहीसुद्धा नाही. दोन दिवस तिनं ते कागद पिशवीत घालून नेले-आणले. असेल काहीतरी, मरताना पाप नको म्हणून परत केलेलं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. हो, काकू काही मरत नव्हती. पण तिच्याबद्दल वाईटच विचार करायचं मनाला वळण पडून गेलं होतं.

कारकुनानं रोखे उलटे केले आणि त्याचा चेहराच बदलला. "अरे वा!" तो म्हणाला. प्रत्येक रोख्याच्या पाठीवर लहान लहान चौकोन होते आणि पहिल्या दहांमध्ये करकचेरीचे निळे शिक्के, एकाखाली एक, सरळ. मग तो समजावू लागला, आणि ऐकताना तिला वाटत राहिलं की हा माणूस आज घरी जाऊन बायकोला हे सांगणार. या रोख्यांचं व्याज हातात मिळत नाही, ते आतच चढतं. दर महिन्याला थोडं, आणि सहा महिन्यांनी त्या व्याजावरही व्याज. त्यावरचा कर कधी भरायचा ते मात्र आपल्या मर्जीवर असतं. एकतर तीस वर्षांनी पैसे हातात आले की एकदम, नाहीतर दरवर्षी त्या वर्षाचं व्याज उत्पन्नात दाखवून. "सगळे 'शेवटी एकदम' निवडतात. हातात पैसा नाही आणि कर कुणी भरावा? पण पोराच्या नावाचा रोखा असेल ना, तर दरवर्षी दाखवावं. पोराला कुठं पगार असतो? उत्पन्न मर्यादेखाली, म्हणजे कर शून्य. व्याज दाखवून मोकळं, पुढे त्याला कुणी हात लावायचा नाही. दरवर्षी एक फॉर्म भरायचा, पोराची सही घ्यायची, जाऊन शिक्का मारून आणायचा. पण हे कोण करतो? माझ्या नोकरीत मी चार माणसं पाहिली असतील. ही पाचवी." त्यानं शेवटच्या शिक्क्याखालच्या मोकळ्या चौकोनांवरून बोट फिरवलं. "आणि दहा वर्षांनी एकदम बंद. असं मधेच सोडून चालत नाही. राहिलेल्या वीस वर्षांचं सगळं व्याज आता यंदाच्या तुमच्या पगारावर चढणार आणि चांगला घसघशीत कर बसणार. झालं काय तेव्हा?"

"भांडण झालं," ती म्हणाली.

"होतात," कारकून म्हणाला आणि आकडेमोड करू लागला. चार हजारांचे तेहेतीस हजार झाले होते. त्यातलं मुद्दल चार हजार, आणि पहिल्या दहा वर्षांचं चार हजार व्याज दाखवून झालेलं, ते सुटलं. बाकी पंचवीस हजारांवर कर. ती आकड्यांकडे पाहत नव्हती. रोख्याच्या पुढच्या बाजूला, उजवीकडे वर, खरेदीची तारीख होती. ती तारीख तिला पाठ होती म्हणण्यापेक्षा तिच्या दोन दिवस आधीची पाठ होती. त्या दिवशी आईची मशीनं गेली होती.

रस्त्यावर ऊन होतं आणि ती दोन चौक चुकीच्या दिशेनं चालत गेली. आई शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत तीन मशीनं होती. एक आई चालवायची, दोन कामाला येणाऱ्या बायका. त्या खोलीत नेहमी तेलाचा आणि नव्या कापडाचा वास असायचा, आणि जमिनीवर अनवाणी चालायची बंदी, कारण टाचण्या. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. मशीनं वर्षभर चादरी पांघरून उभी होती आणि ती दुपारची त्यांच्याखाली जाऊन बसायची, पायानं दाबायच्या पट्टीवर गाल टेकून. मग एक दिवस बाबा एका उंच, हडकुळ्या बाईला घेऊन आले. बस डेपोत तिकीट खिडकीवर बसणारी बाई. "ही आता आपल्याकडे राहणार. काय म्हणशील हिला?" बाबांनी विचारलं. शेजारपाजारच्या सगळ्या बायकांना ती काकू म्हणायची, म्हणून म्हणाली, "काकू." बाबा खो खो हसले. ती बाई हसली नाही. "चालेल," म्हणाली. तेच नाव पडलं, आणि 'तुम्ही'सुद्धा. आमची लेक माझ्या बायकोला अहोजाहो करते, असं बाबा चारचौघांत कौतुकानं सांगायचे. आणि महिना झाला नसेल तोच ती शाळेतून घरी आली तर पुढची खोली रिकामी. जमिनीवर मशीनच्या पायांचे बारा गोल डाग, आणि काकू खाली बसून फडक्यानं ते पुसत होती. ते काही केल्या निघत नव्हते. आज विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, गंजाचे डाग पाण्यानं पसरतात, लिंबू लावा. तेव्हा ती ओरडली होती, "आईची मशीनं कुठायत?" काकू म्हणाली, "दिली." कुणाला दिली, पैशाचं काय केलं, काही नाही. दिली! तीस वर्षं तो एक शब्द तिच्या छातीत अडकून बसला होता, आणि आज एका परक्या माणसानं खिडकीतून सांगावं की त्या पैशाचे दोन दिवसांत रोखे झाले होते, तिच्या नावावर, तिच्या एकटीच्या.

आणि त्या सह्या! बाबा आंघोळीला गेले की काकू दरवर्षी एकदा तिला स्वयंपाकघरात बोलवायची. ओट्यावर कागद, वरचा अर्धा भाग दुमडलेला, खाली पेन्सिलीची बारीक फुली. "इथे." बस, एवढंच. आठ वर्षांच्या पोरीची सही ती काय, तिरपं, डगमगतं नाव. "बाबांना सांगू नकोस हं." आता सांगा, कुठल्या पोरीच्या मनात काळंबेरं येणार नाही? हिनं आईची मशीनं विकून खाल्ली आणि आता आपल्याकडून काहीतरी लिहून घेतेय, घरसुद्धा घेईल. शाळेतल्या मैत्रिणीनं त्यात तेल ओतलं होतं, अगं सावत्र आया असंच करतात. घर तर भाड्याचं होतं, पण ते कुठं ठाऊक होतं तिला? अठरावं सरलं त्या वर्षी काकूनं कागद पहिल्यांदाच न दुमडता पुढे केला. "आता तू सज्ञान झालीस. यापुढे हे तू भरायचं. बस, दाखवते." आणि तिनं न बघता कागद ढकलून दिला होता. काय काय बोलली ती! माझ्या आईचा पैसा खाल्लात, आता माझ्या सहीवर डोळा, तुमच्या एकाही कागदावर या जन्मात सही करणार नाही. काकूनं कागद उचलला, फडक्यानं ओटा पुसला, कागदाची नीट घडी केली. बाबा दारात ओल्या केसांनी उभे होते आणि "अगं, अगं" करत होते. त्याच आठवड्यात तिनं बॅग उचलली. तेव्हा केवढं शूर वाटलं होतं! आता भर उन्हात, दुसऱ्याच कुठल्या चौकात उभी राहून तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली, की शेजारून जाणाऱ्या बाईनं "पाणी हवंय का?" म्हणून विचारलं.

लाँड्रीत दुपारची वेळ, गिऱ्हाईक कमी. मागच्या खोलीत इस्त्रीवाले दादा वाफेत उभे होते. ही दुकानाची डागवाली, ते दुकानाचे दादा, वीस वर्षं दोघं एकाच छताखाली. लाँड्रीचा एक नियम मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी तिला शिकवला होता. कपडे घेताना खिसे तपासायचे. खिशात निघेल ते, मग ती चिठ्ठी असो, अंगठी असो की दाताची कवळी, पाकिटात घालायचं, तारीख आणि टोकन नंबर लिहायचा आणि लोखंडी कपाटात ठेवायचं. उघडायचं नाही, वाचायचं नाही, टाकायचं नाही. माणूस कधीतरी येतो, दहा वर्षांनीही येतो. तो नियम तिच्या हाडात इतका मुरला होता, की दरवर्षी सही व्हायची त्याच महिन्यात दुकानाच्या पत्त्यावर काकूचं पहिलं पाकीट आलं तेव्हा तिनं ते फाडून फेकलं नाही. फेकायचीच इच्छा होती. पण हात सवयीनं चालला. कोपऱ्यात तारीख लिहिली आणि कपाटाच्या तळच्या खणात टाकलं. मग दरवर्षी एक. दादा चेष्टा करायचे, "डागवाले, तुझ्या पाकिटांचा मालक काही टोकन घेऊन येत नाही बुवा!" मधे कपाट रंगवायला काढलं तेव्हा तीन पाकिटं गहाळ झाली आणि ती कित्येक दिवस खणात परत परत हात घालून पाहत होती, हेही आज आठवलं. कशासाठी पाहत होती, ते तेव्हा तिनं स्वतःला विचारलं नव्हतं.

सतरा पाकिटं. ती खाली बसली, पाठ गरम भिंतीला टेकली आणि पहिलं फाडलं. तोच फॉर्म. सगळे रकाने भरलेले, बेरजा केलेल्या, खाली पेन्सिलीची फुली. आणि तिकिटाच्या रिकाम्या मागच्या बाजूवर, डेपोतल्या जुन्या बसच्या तिकिटावर, चार ओळी. 'तुझ्या आईच्या तीन मशीनचे हे पैसे आहेत. तुझ्या नावाने ठेवले. बाबांना सांगितले नाही कारण ते उद्याच मोडून बर्फाच्या कारखान्यात घालतील. तू लहान होतीस, तुझ्या पोटात राहिले नसते. यंदा रोखे दुप्पट झाले. सही कर आणि धाड.' एवढं सगळं. वीस वर्षांपूर्वी. तिच्या घशातून काहीतरी आवाज निघाला असावा, कारण दादांनी इस्त्री उभी केली. "काय गं?" "काही नाही," ती म्हणाली. "मालक आला."

बाबा तसे होतेच. किती लाघवी माणूस, आणि पैशाला हात इतका सैल, की दर वर्षी नवा धंदा. बर्फाचा कारखाना, मग सायकली, मग कुणा मित्राबरोबर काचेच्या बाटल्या. ती बाबांवर जीव टाकायची. खरंच, तिनं बाबांना सांगितलंच असतं, त्याच संध्याकाळी, त्यांच्या पाठीवर बसून. काकूनं हे पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं. आणि ओळखून काय केलं, तर पोरीच्या नजरेत चोर होऊन राहिली, तीस वर्षं. तिला एकदम रडू फुटलं, आणि ती रडत रडतच पुढची पाकिटं फाडू लागली.

तिकिटांवरच्या ओळी थोड्या, कोरड्या. काकू बोलायची तशाच. 'तुझा पगार नवीन आहे, मर्यादेखाली असेल. कर शून्य येईल. सही कर.' 'यंदाही शून्यच आला असता. गेल्या वर्षीचेही यात धरता येते, मी चौकशी केली.' 'तुझा पगार आता किती ते मला ठाऊक नाही, म्हणून तो रकाना मोकळा सोडला आहे.' त्या वर्षापासून प्रत्येक फॉर्मवर तो एक रकाना मोकळा. 'पाऊस फार आहे तुमच्या भागात असे ऐकले. छत्री आहे ना?' बाबा आजारी होते त्या वर्षीचं, ती सव्वीसची होती तेव्हाचं, जरा लांब होतं, दोन तिकिटांवर. 'बाबांना काल सांगून टाकले. इतकी वर्षे लपवल्याबद्दल रागावतील वाटले होते. ते हसले. म्हणाले, बरे केलेस, मी खाल्ले असते. मग बराच वेळ हसतच होते. तू येऊन जा. माझ्यासाठी नको.' ती गेली होती, शेवटी, बाबा गेल्याला दोन दिवस झाल्यावर. खोलीच्या दोन टोकांना दोघी उभ्या होत्या आणि मधे बायकांची गर्दी. काकूनं एकदा तिच्याकडे पाहिलं होतं. तिनं खिडकीबाहेर बघितलं. त्याच्या पुढच्या वर्षीही पाकीट आलं, तस्संच, बेरजा केलेलं. नंतरच्या तिकिटांवर अक्षर मोठं होत गेलं होतं, डोळे गेले असणार. एका वर्षी फक्त, 'आता व्याज मुद्दलाच्या पाचपट झाले. तुझी आई फार सुबक शिवायची म्हणतात. मी पाहिले नाही.' ते तिकीट हातात धरून ती इतका वेळ बसली, की दादांनी न बोलता चहाचा कप आणून बाजूला ठेवला.

मग तिनं पेन घेतलं आणि सतरा फॉर्मांवर सह्या केल्या. आता त्यांचा काडीइतका उपयोग नव्हता. मुदती गेल्या, वर्षं गेली, जिथं शून्य लागायचं होतं तिथं आता घसघशीत लागणार होतं, आणि ते तिच्याच तिरसटपणानं. तरी ती एकेका फुलीवर सही करत गेली. पगाराचा मोकळा रकानाही भरला, आठवून आठवून, कुठल्या साली किती मिळत होते ते. एका वर्षाचं काही केल्या आठवेना. दादांना विचारलं. ते म्हणाले, "त्या साली आपल्या दोघांचा पगार वाढला नव्हता, मी भांडलो होतो, लिही गेल्या वर्षीचाच."

काकूच्या घराचा जिना तिच्या पायांना ठाऊक होता, पाचवी पायरी जरा खाली. दार उघडंच होतं. खोल्या रिकाम्या, भिंतींवरून उतरवलेल्या चित्रांचे फिकट चौकोन, मधोमध दोरीनं बांधलेली एक ट्रंक आणि तिच्यावर बसलेली काकू, औषधाच्या बाटलीवरचं लेबल डोळ्यांजवळ धरून वाचत. छापलेलं काहीही दिसलं की वाचायचंच, ही तिची सवय. म्हणून तर रोख्यांची नियमपुस्तिका तिनं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली असणार, जी जगात कुणी वाचत नाही. किती वाळली होती! खांदे आत आलेले, पण पाठ तशीच ताठ. दारात कोण आहे ते कळायला तिला वेळ लागला आणि कळल्यावर ती उठली नाही.

"मोडलेस का?" काकूनं विचारलं.

"नाही. अर्ज परत दिला त्यांनी."

"का बरं?" काकूनं बाटली खाली ठेवली. "सगळं नीट होतं. मी दोनदा बघितलं होतं."

ती खाली बसली, ट्रंकेजवळ, त्याच जमिनीवर. मशीनच्या पायांचे डाग अजून होते, आता फिकट, माहीत असेल त्यालाच दिसतील असे. तिनं पिशवीतून फॉर्मांचा गठ्ठा काढला आणि काकूच्या मांडीवर ठेवला. काकूनं चष्मा शोधला, दुसरा चष्मा, जाड भिंगांचा, आणि पहिला फॉर्म डोळ्यांपाशी नेला. मग दुसरा. तिसरा. घरात नळाचं पाणी ठिबकत होतं. काकू प्रत्येक फॉर्मवरची सही बघत होती, मग पगाराचा आकडा, मग पुन्हा सही. सातव्या-आठव्यानंतर तिनं गठ्ठा खाली ठेवून दिला.

"तारखा घातल्या नाहीस," ती म्हणाली.

"मी उघडलीच नव्हती, काकू. एकही. आज उघडली."

"ते कळलं होतं मला. उत्तर आलं नाही म्हणजे उघडली नाही. उघडली असतीस तर भांडायला तरी आली असतीस."

"मग येऊन सांगितलं का नाहीत? दुकानात यायचं, काउंटरवर उभं राहायचं, सगळ्यांसमोर कान धरायचा माझा!"

काकूनं नाकावरचा चष्मा काढून पदरानं पुसला. "आले होते एकदा," ती म्हणाली. "तू कुणाच्या तरी कोटावरचा डाग बघत होतीस. इतकी जवळून बघत होतीस, बत्तीखाली धरून. तुझी आई अशीच शिवण बघायची म्हणे. मी समोरच्या फुटपाथवरून थोडा वेळ पाहिलं आणि परत आले. आणि कुणाला माझं पत्र वाच म्हणून भीक मागायची का पोरी? तेवढं मला नाही जमत."

तिनं कपाळ काकूच्या गुडघ्यावर टेकलं. काकूनं तिला जवळ घेतलं-बितलं नाही, तसल्या गोष्टी काकूला कधी येत नव्हत्या. पण एक हात तिच्या केसांवर आला आणि तिथंच राहिला, जड. त्या हाताला अजून जुन्या तिकिटांचा वास आहे असं तिला वाटलं, म्हणजे वाटायचं तिनं ठरवलं. मग काकू म्हणाली, "कर किती बसतोय?"

"बसू दे."

"बसू दे काय? पंचवीस हजारांवर म्हणजे..." काकू मनात हिशेब करू लागली. "दरवर्षी दाखवलं असतंस तर निम्म्या वर्षांना काहीसुद्धा लागलं नसतं. माझा जीव तुटायचा गं, दर वर्षी एक शून्य वाया जातंय म्हणून." आणि मग दोघी एकदम हसल्या. काकूचं हसू तिनं पहिल्यांदा इतक्या जवळून ऐकलं. बारीक, लाजरं हसू, त्या उंच बाईला न शोभणारं.

मग तिनं अर्ज काढला. तो कोरा रकाना दाखवला. काकूनं वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा परत मिटला. "हां," ती म्हणाली. "ते राहिलंच."

"राहिलं?"

"सोडलं." काकू जमिनीवरच्या डागांकडे बघत होती. "खिडकीशी पेन हातात घेऊन उभी होते. आठ दिवस आधीच तू मला म्हणाली होतीस, माझी आई मेलीय, तुम्ही तिच्या खुर्चीवर बसू नका. बरोबर होतं तुझं. मशीनं तिची, पैसे तिचे, पोर तिची. मी नातं काय लिहायचं? सावत्र लिहायचं तर लिहवेना. ते माणूस म्हणालं, बाई लाइन लागलीय, मी म्हटलं राहू दे मोकळं, पुढे बघू." तिनं हात झटकला. "आता काकू लिही नि मोकळी हो. सरकारी कागद आहे, त्यावर खोटं कशाला."

खुर्चीचं ती साफ विसरली होती. आठ वर्षांची पोर बोलून गेली आणि बाहेर खेळायला पळाली, आणि ही बाई ते वाक्य घेऊन खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिनं अर्ज ट्रंकेच्या कडेवर ठेवला, काकूच्या गुडघ्याला टेकून, आणि लिहिलं. दोनच अक्षरं, 'काकू' मात्र नव्हे. पण कड इतकी अरुंद होती, की ती आठ वर्षांच्या पोरीनं काढावीत तशी तिरपी, डगमगती उमटली.

"खोटं नाही लिहिलं," ती म्हणाली. "बघ तू."

काकूनं अर्ज उचलला आणि जाड चष्म्यातून पाहिला. खूप वेळ पाहिला. दोन अक्षरं वाचायला कुणाला एवढा वेळ लागतो? खालच्या रस्त्यावर कुणी कुणाला हाका मारत होतं, नळ ठिबकत होता. चष्म्याच्या खालून एक थेंब ओघळून हनुवटीपर्यंत आला, तो पुसायचं काकूला भान नव्हतं.

"अक्षर काही सुधारलं नाही तुझं," शेवटी ती म्हणाली.

मग तिनं पर्स उघडली, आत चाचपडत पेन्सिलीचा एक तुकडा शोधून काढला, अर्ज मांडीवर सारखा केला आणि अगदी तळाशी, जिथं पैसे घेताना करायची तिची सही राहिली होती तिथं, एक बारीक फुली केली.

"इथे," ती म्हणाली.